आपल्या जिल्ह्यातली 'आफ्रिका' : रेहेकुरीचा माळ

(इयत्ता सातवीच्या एका विद्यार्थ्याकडून)



भूगोलाच्या तासाला आफ्रिका खंड चालू होता. गुरुजींनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'सॅव्हाना' असा शब्द लिहिला आणि पुस्तकातलं चित्र सर्वांना फिरवून दाखवलं. लांबच लांब पिवळं गवत, मधूनच एखादं छत्रीसारखं झाड, आणि गवतात हरणांचे कळप. आमच्यातल्या एकानं विचारलं, "गुरुजी, हे बघायला जायचं तर किती पैसे लागतील?" सगळे हसले. गुरुजी हसले नाहीत. ते म्हणाले, "एस.टी.च्या तिकिटाचे. कर्जत तालुक्यात जा."

मी तर चाटच पडलो. कारण माझं आजोळ कर्जत तालुक्यातलं. दर सुट्टीत मी तिथं जातो. गावाबाहेरच्या माळाला सगळे 'उजाड' म्हणतात, मीही तसंच म्हणायचो. त्या दिवसानंतर मी मामाला विचारलं, गुरुजींना विचारलं, पुस्तकं पाहिली. जे कळलं ते इथं लिहीत आहे.

सॅव्हाना म्हणजे काय?

जिथं वर्षातले तीन-चार महिनेच पाऊस पडतो आणि बाकीचे महिने कोरडे जातात, तिथं दाट जंगल वाढत नाही. तिथं गवत वाढतं आणि गवतात विरळ विरळ झाडं असतात. अशा प्रदेशाला सॅव्हाना म्हणतात. आपल्या बोलीत सांगायचं तर 'माळरान'.

आता आपला जिल्हा पाहा. पश्चिमेला अकोले तालुका. तिथं महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई आहे, उंची १६४६ मीटर. जवळच्या घाटघर-रतनवाडीकडं पाऊस असा कोसळतो की लोक त्या भागाला नगरची चेरापुंजी म्हणतात. पावसाळी ढग सह्याद्रीला अडतात, तिथंच रिकामे होतात आणि पूर्वेकडं येईपर्यंत त्यांच्यात पाणी उरत नाही. म्हणून कर्जत, श्रीगोंदा, जामखेड या बाजूला वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पाऊससुद्धा कसाबसा पडतो. याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. एकाच जिल्ह्यात एका टोकाला धो धो आणि दुसऱ्या टोकाला माळ, ही आपल्या जिल्ह्याची गंमत आहे बरं का!

आपण शिर्डीचे लोक मधल्या भागात राहतो. आपल्याकडं गोदावरीचे आणि प्रवरेचे कालवे आले, ऊस आला, पेरूच्या बागा आल्या. त्यामुळं माळ कसा असतो हे आपल्या डोळ्यांना सहसा दिसत नाही.

सेरेंगेटी आणि रेहेकुरी

आफ्रिकेत टांझानिया नावाचा देश आहे. तिथं सेरेंगेटी हे राष्ट्रीय उद्यान १९५१ साली झालं. त्याचं क्षेत्रफळ १४,७६३ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे केवढं? आपला संपूर्ण जिल्हा १७,०४८ चौरस किलोमीटरचा आणि महाराष्ट्रात सर्वांत मोठा. संगमनेर, कोपरगावपासून कर्जत, जामखेडपर्यंत सगळा जिल्हा डोळ्यांसमोर आणा, त्यातला थोडा भाग काढून टाका, आणि उरलेल्या जागेत फक्त रानटी जनावरं मोकळी फिरतात असं समजा. ते सेरेंगेटी!

तिथं 'वाइल्डबीस्ट' नावाचं दाढीवालं, गाईसारखं दिसणारं जनावर आहे. त्यांची संख्या दहा लाखांच्या वर आहे. त्यांच्या जोडीला पट्ट्यापट्ट्यांचे झेब्रे आणि हरणं. पाऊस जिकडं पडेल तिकडं नवं गवत उगवतं, आणि हे सगळे कळप त्या गवतामागं चालत राहतात. चालत चालत ते शेजारच्या केनिया देशातल्या मसाई मारापर्यंत जातात. वाटेत मारा नदी लागते, तिच्यात मगरी टपलेल्या असतात. तरीही कळप नदीत उड्या घालतात. मागं सिंह, तरस आणि चित्ते असतातच.

याच प्रदेशात मसाई लोक गुरं राखतात. ते पाऊसपाणी पाहून गुरं घेऊन फिरतात. आपल्याकडं दिवाळीनंतर मेंढ्यांचे कळप, घोडी आणि बिऱ्हाड घेऊन धनगर लोक रस्त्यानं जाताना आपण पाहतो ना? अगदी तसंच. माळ इथला असो नाहीतर आफ्रिकेतला, त्याच्यावर जगायची रीत एकच : पाऊस जिकडं, आपण तिकडं.

आता आपलं रेहेकुरी. कर्जत तालुक्यात देऊळगाव-रेहेकुरी इथं १९८० साली काळविटांसाठी अभयारण्य झालं. त्याचं क्षेत्रफळ २.१७ चौरस किलोमीटर, म्हणजे २१७ हेक्टर. एकरांत सांगायचं तर साडेपाचशे एकरही पूर्ण भरत नाहीत. मी भागाकार करून पाहिला. सेरेंगेटीत आपली रेहेकुरी सहा हजार आठशे वेळा मावेल!

तुम्ही म्हणाल, मग एवढ्याशा जागेचं काय कौतुक? कौतुक असं, की बाकीचा माळ नांगरला गेला, त्यावर घरं-कारखाने आले, शिकारी झाल्या. अशा वेळी ज्या थोड्या जागा जनावरांसाठी राखून ठेवल्या, त्यांतली ही एक आहे.

काळवीट कसं असतं?

काळवीट हा भारताच्या उपखंडातला प्राणी. मोठ्या नराची पाठ काळी किंवा गडद तपकिरी, पोट पांढरं शुभ्र, डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळं. डोक्यावर पीळ घातलेली दोन लांब शिंगं, चांगल्या नराची दोन फुटांपर्यंत भरतात. दोरीला पीळ द्यावा तशी ती दिसतात. मादी फिकट तांबूस असते आणि तिला शिंगं नसतात. लहान नरही आधी मादीसारखाच तांबूस असतो, वय वाढेल तसा काळा होत जातो. त्यामुळं कळपात काळा नर कोणता, तरणा कोणता, हे लांबूनही ओळखता येतं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. चितळ-सांबरांची शिंगं दर वर्षी गळून पडतात आणि नवी येतात. काळविटाची शिंगं गळत नाहीत. ती आपल्या गाई-बैलांसारखी कायमची असतात. काळवीट आपल्या शेळीसारखं रवंथही करतं.

काळवीट गवत खातं, वेड्या बाभळीच्या शेंगाही खातं. कळपात माद्या आणि पिल्लं एकत्र राहतात. तरण्या नरांची वेगळी टोळी असते. मोठा काळा नर माळाचा एखादा तुकडा आपला मानतो. तिथं एका ठरावीक जागी लेंड्या टाकून तो आपला हक्क सांगतो, जणू शेताच्या बांधावर दगडच रोवतो! दुसरा नर आत आला की शिंगाला शिंग भिडतं.

पळण्यात त्याचा हात धरणारा प्राणी आपल्याकडं नाही. तो ताशी ८० किलोमीटरच्या वेगानं पळू शकतो. संकट दिसलं की आधी कळपातली एक मादी उंच उडी मारते, मग दुसरी, मग सगळा कळप चेंडूसारखा उसळत निघतो. एका उडीत पाच-सहा मीटर अंतर जातं. आमच्या शाळेच्या वर्गाची लांबी तेवढीच आहे, मी पावलांनी मोजली.

मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होतं. पहिले काही दिवस ते गवतात गप्प पडून राहतं आणि आई लांब चरत असते. मध्ये मध्ये येऊन ती त्याला पाजते. हे मुद्दाम लिहितो, कारण माळावर असं एकटं पिल्लू दिसलं की लोकांना वाटतं आई टाकून गेली, आणि दया येऊन ते उचलून घरी आणतात. मित्रांनो, ते पिल्लू टाकलेलं नसतं. ते लपवलेलं असतं. त्याला हात लावू नका आणि तिथून लांब व्हा, म्हणजे आई येईल.

इतकं पळायचं कशाला?

मी गुरुजींना विचारलं, "लांडगा तर एवढा पळत नाही. मग काळवीट ८० च्या वेगानं पळतं कुणाच्या भीतीनं?" गुरुजी म्हणाले, "जो आता माळावर नाही, त्याच्या." म्हणजे चित्ता! चित्ता हा जगातला सर्वांत वेगवान पळणारा प्राणी आणि तो आपल्याकडंही होता. 'चित्ता' हा शब्दच मुळी आपल्याकडचा आहे. संस्कृत 'चित्रक', म्हणजे ठिपक्या-ठिपक्यांचा, यावरून तो आला आणि साहेबाच्या भाषेतही गेला.

राजेरजवाडे चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटांची शिकार करवीत. कोल्हापूर संस्थानात असे चित्ते होते. पुढं इथले चित्ते इतके कमी झाले की कोल्हापूरकरांनी आफ्रिकेतून चित्ते मागवले! शेवटी १९४७ साली आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानात शेवटचे तीन चित्ते मारले गेले, आणि १९५२ साली भारतातून चित्ता संपला असं जाहीर झालं. मग १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबिया देशातून आठ चित्ते आणून मध्य प्रदेशातल्या कुनो उद्यानात सोडले. २०२३ च्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा आले. एक प्राणी घालवायला वेळ लागत नाही, पण परत आणायला पंचाहत्तर वर्षं आणि समुद्रापलीकडचा देश लागतो, हे यातून शिकण्यासारखं आहे.

माळ उजाड नसतो

चित्ता गेला, तरी माळावर पुष्कळ मंडळी आहेत. लांडगा आहे, कोल्हा आहे, खोकड आहे, ससे आहेत. काही भागांत चिंकारा हे लहान हरीणही दिसतं. चंडोल गात गात सरळ आभाळात चढतो आणि दगडासारखा खाली येतो. माळटिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, पण ती खड्यांसारखी दिसतात म्हणून पाय पडेपर्यंत कळत नाहीत. धाविक पक्षी थोडा पळतो, थांबतो, परत पळतो. हिवाळ्यात भोवत्या नावाचा शिकारी पक्षी मध्य आशियाकडून हजारो किलोमीटर उडून आपल्या गवतावर घिरट्या घालायला येतो. पासपोर्ट नाही, तिकीट नाही!

आणि गवत तरी एक थोडंच आहे? पवन्या, मारवेल, कुसळी अशी कितीतरी नावं मामा घेतो. कुसळीची कुसळं पायजम्यात घुसली की आपण वैतागतो. पण ते कुसळ पाणी लागलं की पीळ उलगडतं आणि बी जमिनीत स्क्रूसारखं घालतं. गवताची मुळं माती धरून ठेवतात आणि पावसाचं पाणी जमिनीत मुरवतात. गवतात मध्ये मध्ये हिवर, बाभूळ, बोर अशी काटेरी झाडं असतात. हिवराच्या शेंगा शेळ्यांना फार आवडतात.

आम्हाला वाटायचं, पूर्वी इथं घनदाट जंगल असेल आणि ते तोडून माळ झाला असेल. तसं नाही. २०२५ साली अभ्यासकांनी जुन्या मराठी ग्रंथांत, कथांत आणि ओव्यांत कोणकोणत्या झाडांची नावं येतात ते शोधलं. हिवर, बाभूळ अशी माळावरचीच झाडं पुन्हा पुन्हा सापडली. म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातला हा माळ निदान साडेसातशे वर्षं जुना आहे. ज्ञानेश्वर माउली नेवाशाला होती तेव्हाही इकडं माळ होता. तो कुणी बिघडवलेलं जंगल नाही, तो मुळातच माळ आहे.

म्हणून एक वेगळं वाटेल असं सांगतो. 'झाडे लावा, झाडे जगवा' हे आपण प्रभातफेरीत ओरडतो, ते बरोबरच आहे. गावात, रस्त्याकडेला, बांधावर, शाळेत झाडं लावायचीच. पण चांगल्या गवताच्या माळावर दाट झाडं लावली, तर खाली गवत राहत नाही, काळविटाला लांबचं दिसत नाही आणि पळायला वाव उरत नाही. काळवीट डोळ्यांवर आणि पायांवर जगतं. माळ हाच त्याचा वाडा.

मामाचा हरभरा

आता खरी अडचण सांगतो. हे लिहिताना मला ती टाळता आली असती. पण पालकही वाचतात, त्यांना ती ठाऊक असते.

गेल्या हिवाळ्यात मी आजोळी गेलो, तेव्हा मामाच्या हरभऱ्याला नुकतं फूल लागलं होतं. एका पहाटे मामानं मला उठवलं आणि म्हणाला, "चल, तुझी आफ्रिका दावतो." आम्ही बांधावर गेलो. धुक्यात अठरा काळविटं हरभरा खात होती. मधला काळा नर मान वर करून आमच्याकडं बघत होता. मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवणार होतो. तेवढ्यात मामाकडं बघितलं आणि हात खाली घेतला. मामा काहीच बोलत नव्हता. तो शेंडे खुडलेल्या ओळी मोजत होता.

मामानं हाळी दिली. अठराच्या अठरा उसळत निघून गेली. घरी येऊन मी विचारलं, "मामा, तुला त्यांचा राग येत नाही का?"

मामा म्हणाला, "येतो की. रातभर राखण करून डोळं चुरचुरत्यात. पण ती काय मुद्दाम येत न्हाईत. आमच्या लहानपणी गावाच्या तिन्ही बाजूंना गायरान होतं, तवा ती तिकडंच चरायची. गायरान गेलं, माळ नांगारला. मी बी दोन एकर नांगारला. मग त्यांनी जायाचं कुठं?"

मामा स्वतःलाही धरून बोलला, म्हणून मला ते पटलं.

हिशेब सोपा आहे. रेहेकुरीला २१७ हेक्टर जागा. सेरेंगेटीतल्या जनावराला पाऊस दुसरीकडं पडला तर शेकडो किलोमीटर चालायला जागा आहे. आपल्या काळविटाला थोडं चाललं की कुणाचा तरी बांध लागतो. अभयारण्याची हद्द माणसाला कळते, हरणाला कळत नाही. हरणांनी पीक खाल्लं तर पंचनामा होऊन सरकारी भरपाई मिळते असा नियम आहे, आणि शेतकऱ्यांनी तो जरूर माहीत करून घ्यावा. पण राखणीत गेलेली झोप कोण भरून देणार? ज्या शेतकऱ्याच्या शेतात काळवीट चरतं, तो आपल्या सगळ्यांच्या वतीनं त्याला चारा घालत असतो. आपण शहराजवळ राहून 'हरणं वाचवा' म्हणताना त्याची आठवण ठेवली पाहिजे.

मारणं हा काही उपाय नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं काळविटाला सर्वांत वरचं संरक्षण दिलं आहे आणि शिकारीला तुरुंगवास आहे. खरा उपाय म्हणजे उरलेली गायरानं आणि माळ राखणं. तिथं गवत राहिलं, उन्हाळ्यात पाणवठ्याला पाणी राहिलं, तर रानातली हरणं रानात राहतील, गावाच्या शेळ्यामेंढ्यांनाही चारा मिळेल.

माळढोकाची गोष्ट

हे सगळं लवकर करायला हवं. का, ते माळढोकावरून कळतं.

माळढोक हा मीटरभर उंच, फार जड पक्षी. नर पंधरा किलोपर्यंत भरतो, तरी उडतो! तो टोळ, नाकतोडे खातो, म्हणजे शेतकऱ्याचा मित्रच. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूर आणि आपल्या जिल्ह्यात मिळून भलंमोठं अभयारण्य जाहीर झालं. ते सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं होतं आणि त्यात कर्जत, श्रीगोंदा, नेवासा तालुक्यांतले भाग होते. एवढ्या क्षेत्रात गावंच्या गावं आली, लोकांना अडचणी झाल्या, आणि पुढं ते क्षेत्र बरंच कमी करण्यात आलं. इकडं माळ तुटत गेला, विजेच्या तारांना धडकूनही माळढोक मरू लागले. त्याला समोरच्या तारा लवकर दिसत नाहीत. आता साऱ्या देशात दीडशेच्या आसपासच माळढोक उरले आहेत असं सांगतात, आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात. मामानं लहानपणी एकदा माळढोक पाहिला होता. मी पाहिलेला नाही. तुमच्यापैकी कुणी पाहिला आहे का?

काळविटाचं तसं होऊ नये, एवढंच म्हणणं.

बघायला जाल तर

शिर्डीहून नगर साधारण ८५ किलोमीटर. (२०२४ साली आपल्या जिल्ह्याचं आणि शहराचं नाव अहिल्यानगर झालं, पण आमच्या घरी अजून 'नगर'च म्हणतात.) तिथून सोलापूरच्या रस्त्यानं कर्जत तालुक्यात जायचं. पावसाळा संपल्यापासून थंडी असेपर्यंतचे दिवस चांगले. सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर जावं. भडक कपडे नकोत, आरडाओरडा नको, कागद-पिशव्या टाकायच्या नाहीत, कळपामागं पळायचं नाही. एका जागी गप्प उभं राहिलं की माळ आपोआप हलायला लागतो.

आणि पालकांना एक विनंती. आपल्या गावाला, आजोळाला एखादं गायरान शिल्लक असेल, तर त्याला 'पडीक' म्हणू नका. मीही आता म्हणत नाही.

ओळखा पाहू!

१. पाठ काळी, पोट पांढरं, डोक्यावर पिळाचे दोन दोर. मी कोण?
२. आभाळात गाणं, जमिनीवर घर. मी कोण?
३. मला पाणी लावा, मी पीळ सोडून बी पेरीन. मी कोण?
४. रेहेकुरी अभयारण्य किती हेक्टरांचं आहे?

उत्तरं लेखातच लपवली आहेत, माळावरच्या टिटवीच्या अंड्यांसारखी. नीट पाहा, सापडतील.